संवेगाचा जमाखर्च



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाटक, कादंबरी, भाषा असे विषय येत असतात. त्या मानाने माझा आजचा विषय रुक्ष वाटेल : संवेग अक्षय्यतेचा नियम. आपल्यापैकी बहुतेकांनी तो नववी-दहावीत पाठ केला, परीक्षेत दोन गुणांसाठी लिहिला आणि सोडून दिला. मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक नाही. होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, आणि पस्तीसहून अधिक वर्षे बेळगावात दवाखाना चालवतो आहे. पण हा नियम मला दवाखान्यातच वारंवार भेटत आला. अपघातातून वाचलेली, प्लास्टर निघालेली माणसे महिनोन्‌महिने मानेची आणि डोक्याची दुखणी घेऊन येतात. त्यांचे एक वाक्य ठरलेले असते : "डॉक्टर, तसा मी हळूच चालवत होतो." हा नियम काय सांगतो, तो माणसाने कसा शोधला आणि तो न उमगल्याने आपले काय जाते, एवढ्या तीन गोष्टी आज तुमच्यापुढे मांडायच्या आहेत. गणित फार नाही. दुकानाच्या वहीत असते तेवढीच बेरीज-वजाबाकी आहे.

साहित्याच्या मंडळात शब्दापासून सुरुवात करणे बरे. 'संवेग' हा शब्द मी शाळेत जाण्याआधीच ऐकला होता. आम्हा जैनांच्या घरी भाद्रपदात ज्या सोळा भावनांचे चिंतन होते, त्यांत संवेग ही एक भावना आहे. संसारदुःखाचे भय वाटून धर्माकडे मनाची ओढ लागणे, असा तिथे त्याचा अर्थ. पाठ्यपुस्तकातला संवेग निराळा. वस्तूचे वस्तुमान आणि तिचा वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. नाव एकच, पण घराणी दोन. दोन्हींची सांगड घालून "हे सगळे आपल्याकडे आधीच होते" असे म्हणण्याचा मोह होतो. तो मी टाळतो, कारण त्याने दोन्हींवर अन्याय होतो. 'अक्षय्य' मात्र आपला रोजचा शब्द आहे. ज्याचा क्षय होत नाही ते अक्षय्य. तेव्हा नियम असा : काही वस्तूंचा एक समूह घ्या. त्याच्यावर बाहेरून बल लागत नसेल, तर आतल्या वस्तू एकमेकींवर कितीही आपटल्या, फुटल्या वा चिकटल्या, तरी सगळ्यांच्या संवेगांची बेरीज तीच राहते.

हे कॅरमच्या बोर्डावर पाहू. स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा असतो आणि सोंगटी पाच ते साडेपाच ग्रॅमची. आपण १५ आणि ५ धरू. सोंगटी स्थिर आहे. स्ट्रायकर सेकंदाला एक मीटर वेगाने येऊन तिला अगदी मध्यावर लागला. टक्कर होण्याआधीचा हिशेब : १५ गुणिले १, म्हणजे १५. टकरीत काहीच वाया गेले नाही असे मानले, तर स्ट्रायकरचा वेग निम्मा होतो आणि सोंगटी दीडपट वेगाने सुटते. आता मांडून पाहा. स्ट्रायकरचे १५ गुणिले अर्धा, म्हणजे साडेसात. सोंगटीचे ५ गुणिले दीड, तेही साडेसात. दोन्ही मिळून पुन्हा १५. खेळणाऱ्याच्या बोटाला हे गणित ठाऊक असते. फक्त ते त्याने कधी लिहिलेले नसते.

इतके सोपे आहे, तर मोठमोठे लोक यात अडखळले का? कारण दिशा. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६४४ साली आपल्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात लिहिले की, ईश्वराने जगात जेवढी गती घातली तेवढीच तो कायम राखतो. कल्पना भव्य होती आणि दिशाही बरोबर होती, पण मोजमाप चुकले होते. वस्तू केवढी आणि किती वेगाने जाते, एवढेच देकार्त मोजत होता. कुठल्या बाजूला जाते हे त्याने धरले नाही. ओल्या मातीचे दोन सारखे गोळे समोरासमोर सारख्या वेगाने फेकले, तर ते एकमेकांना चिकटून जागच्या जागी थांबतात. देकार्तच्या मोजणीने आधी भरपूर गती होती, नंतर शून्य. मग ती गेली कुठे?

व्यापारी घरातल्या माणसाला याचे उत्तर लगेच सुचावे. वहीला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. दोन्ही बाजूंचे आकडे एकाच रकान्यात मिळवले, तर कुठल्याच दुकानाचा ताळेबंद जुळणार नाही. उजवीकडे जाणारा संवेग जमेला धरला, तर डावीकडे जाणारा नावे टाकायला हवा. मातीच्या गोळ्यांची बेरीज आधीही शून्यच होती आणि नंतरही शून्यच आहे. हे नीट मांडले हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्स याने. लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६८ मध्ये टकरींचे नियम सांगा असे आवाहन केले, तेव्हा वॉलिस, रेन आणि हायगेन्स या तिघांनी आपापली उत्तरे पाठवली. हायगेन्सने एक गोष्ट स्पष्ट केली : एकाच बाजूकडची गती, म्हणजे उलट दिशेची वजा करून उरलेली, टकरीने बदलत नाही. पुढे १६८७ साली न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'त ही मांडणी गतीच्या नियमांच्या चौकटीत बसली.

हायगेन्सची विचार करण्याची रीत मला फार आवडते. कालव्यातून एक नाव संथ चालली आहे. नावेतला माणूस दोन सारखे, टणक गोळे समोरासमोर सारख्या वेगाने आपटवतो. ते तसेच उलटे परततात. आता हेच काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहा. नावेचा वेग गोळ्यांच्या वेगाइतकाच असेल, तर काठावरच्याला एक गोळा स्थिर दिसतो आणि दुसरा दुप्पट वेगाने त्याच्यावर येताना दिसतो. टकरीनंतर येणारा थांबतो आणि थांबलेला दुप्पट वेगाने निघतो. प्रसंग एकच, पाहणारे दोन. आकडे दोघांचे वेगळे, पण दोघांच्याही वहीत जमाखर्च जुळतो.

आता तुमची शंका मला ऐकू येते. कॅरमची सोंगटी थोड्या वेळाने थांबतेच. मग तिचा संवेग नाहीसा झाला नाही का? नाही. तो घर्षणातून बोर्डाला गेला, बोर्डातून टेबलाला, टेबलातून जमिनीला. आपण चालायला लागतो तेव्हाही पायाने जमिनीला मागे लोटतो आणि पृथ्वी तेवढाच संवेग उलट दिशेने घेते. फक्त तिचे वस्तुमान आहे सहावर चोवीस शून्ये इतके किलोग्रॅम. साठ किलोचा माणूस सेकंदाला एक मीटर वेगाने चालू लागला, तर पृथ्वीला मिळणारा वेग इतका अल्प की, त्या वेगाने विश्वाच्या आजवरच्या सुमारे १,३८० कोटी वर्षांच्या आयुष्यात ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पट सरकेल. दिसत नाही, म्हणून घडत नाही असे नव्हे. आपल्याला हिशेब चुकल्यासारखा वाटतो तेव्हा बहुधा एखादे खातेच धरायचे राहिलेले असते.

इथे ऊर्जेशी गल्लत होऊ देऊ नका. गतिज ऊर्जा वेश बदलते. तिची उष्णता होते, आवाज होतो, पत्रा वाकतो. संवेगाला वेश बदलता येत नाही. तो संवेगच राहतो, फक्त एकाकडून दुसऱ्याकडे जातो. ही एक ओळ लक्षात ठेवा. रस्त्यावर येऊ तेव्हा ती उपयोगी पडेल.

खाते धरायचे राहिले की शहाण्यांचेही काय होते, याचे उदाहरण रॉकेटचे. अमेरिकेतील रॉबर्ट गॉडर्ड हा रॉकेट चंद्रापर्यंत जाऊ शकेल असे म्हणत होता. १३ जानेवारी १९२० रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अग्रलेखातून त्याची खिल्ली उडवली. निर्वात पोकळीत ढकलायला काहीच नसताना रॉकेट पुढे कसे जाईल, शाळेतल्या मुलांना शिकवतात तेवढेही या प्राध्यापकाला कळत नाही, असा त्याचा सूर होता. पण रॉकेट हवेला ढकलत नाही. ते आपल्याच पोटातला वायू मागे फेकते. वायूचा संवेग मागे, रॉकेटचा पुढे, बेरीज तीच. हवा असली तर उलट अडथळाच होतो. गॉडर्ड १९४५ मध्ये वारला. अपोलो ११ चंद्राकडे निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ रोजी, त्या वृत्तपत्राने आपली चूक छापून दुरुस्त केली. नियम त्या एकोणपन्नास वर्षांत बदलला नव्हता.

जो नियम रॉकेटला लागतो तोच डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांनाही लागतो. समजा, कॅरमचा स्ट्रायकर अदृश्य आहे. तुम्हाला दिसतात फक्त सुटणाऱ्या सोंगट्या. एकदा तो हलक्या सोंगटीवर आदळला, एकदा जड सोंगटीवर; दोन्हींचे वेग तुम्ही मोजलेत. तेवढ्यावरून स्ट्रायकरचे वजन सांगता येईल का? येते. १९३२ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविकने हेच केले. बेरिलियम धातूवर अल्फा कणांचा मारा केला की त्यातून एक अदृश्य, विद्युतभार नसलेले काहीतरी बाहेर पडे आणि मेणासारख्या पॅराफिनमधून हायड्रोजनची केंद्रके उडवी. पॅरिसमध्ये इरेन क्युरी आणि फ्रेडरिक जोलिओ या दांपत्याने त्याला एक प्रकारचा गॅमा किरण मानले. पण तसे मानले की हायड्रोजनवरून येणारा ऊर्जेचा आकडा आणि नायट्रोजनवरून येणारा आकडा जुळेनात. चॅडविकने ते किरण नसून वस्तुमान असलेला कण आहे असे धरले. हायड्रोजनच्या केंद्रकाचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला सुमारे ३३,००० किलोमीटर. त्याच्या चौदापट जड नायट्रोजनचा सुमारे ४,७००. संवेग आणि ऊर्जा दोन्हींचे हिशेब एकत्र मांडल्यावर अदृश्य कणाचे वस्तुमान आले हायड्रोजनच्या सुमारे १.१५ पट. मोजणीतली तफावत जमेस धरता, म्हणजे जवळजवळ तेवढेच. तो न्यूट्रॉन. चॅडविकला त्यासाठी १९३५ चे नोबेल मिळाले. ज्याला कोणी पाहिले नाही, त्याचे वजन बेरीज-वजाबाकीने कळले.

पण हा नियम असा सर्वत्र का चालतो? याचे उत्तर एमी नोदर या जर्मन गणितज्ञ बाईंनी दिले. गॉटिंगेनच्या विद्यापीठात स्त्री म्हणून त्यांना स्वतःच्या नावाने शिकवायला परवानगी नव्हती. हिल्बर्ट या थोर गणितज्ञाच्या नावाने जाहीर झालेली व्याख्याने त्या देत. १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सिद्धांताचा एक अर्थ असा : निसर्गाचे नियम जागेनुसार बदलत नाहीत, आणि म्हणूनच संवेग अक्षय्य आहे. इथे केलेला प्रयोग दहा कोस पलीकडे केला तरी तसाच होतो, या साध्या गोष्टीतून संवेगाचा नियम गणिताने निघतो. अवकाशाला कुठलीही जागा लाडकी नाही. १९३३ मध्ये ज्यू म्हणून त्यांना विद्यापीठातून काढले, त्या अमेरिकेत गेल्या आणि १९३५ मध्ये वारल्या. ज्या बाईंना जागा नाकारली गेली, त्यांनीच सर्व जागा सारख्या असल्याचे मोल दाखवून दिले.

जो नियम जागा पाहत नाही तो माणूसही पाहत नाही. म्हणून आता रस्त्यावर येतो.

पुणे-बंगळूर महामार्ग आपल्या गावाला लागून जातो. समजा, एक टनाची मोटार आणि पंधरा टनांचा ट्रक, दोन्ही ताशी ६० किलोमीटर वेगाने समोरासमोर धडकून एकमेकांत अडकले. ट्रकची दिशा जमेला धरा. पंधरातून एक गेला, उरले चौदा. त्याला एकूण सोळा टनांनी भागा. दोन्ही वाहने मिळून ट्रकच्या दिशेने ताशी साडेबावन्न किलोमीटर वेगाने घसटत जातात. ट्रकच्या वेगात बदल झाला साडेसात किलोमीटरचा. मोटारीच्या वेगात साठ आणि साडेबावन्न मिळून साडेएकशेबारा किलोमीटरचा, तोही उलट दिशेने. दोघांनी एकमेकांना दिलेला संवेग तंतोतंत सारखा. तरी ट्रकचा ड्रायव्हर उतरून चालत जातो आणि मोटारीतल्यांना पत्रा कापून काढावे लागते. यात दैव नाही, वस्तुमान आहे. घाटात ट्रकच्या पुढे काढण्याची घाई करताना हा हिशेब आठवा.

समोरासमोरच्या दोन गाड्या अगदी सारख्या असल्या तर? एकूण संवेग शून्य. पण बेरीज शून्य आहे म्हणून कोणी वाचत नाही. आत बसलेल्या प्रत्येकाचे स्वतःचे खाते असते. साठ किलोचा माणूस ताशी ५० किलोमीटर वेगाने चालला आहे. गाडी थांबली तरी तो थांबलेला नाही. त्याचा संवेग कुणाला तरी दिल्याशिवाय तो थांबणारच नाही. पट्ट्याला द्यायचा, की काचेला, एवढेच आपल्या हाती असते. आणि किती वेळात द्यायचा, तेही. कारण संवेगातला बदल भागिले त्याला लागलेला वेळ, म्हणजे बल. बांधकामावर वरच्या मजल्यावर विटा झेलणारा गडी विटेबरोबर हात मागे नेतो. त्याला कोणी हे सूत्र शिकवलेले नसते, पण वेळ वाढवला की हाताला कमी लागते हे तो जाणतो. सीट बेल्ट आणि चेपणारा बोनेट मिळून तो माणूस सेकंदाच्या दहाव्या भागात थांबला, तर त्याच्यावर सुमारे ८५० किलोच्या वजनाइतके बल येते. छातीभर, खांद्याभर पसरलेले हे बल शरीर बहुधा सोसते. पट्टा नसेल आणि तो डॅशबोर्डवर आपटून शंभराव्या भागात थांबला, तर बल दहापट. ते सोसणारी बरगडी निसर्गाने घडवलेली नाही. मागच्या सीटवर बसल्याने यात काही फरक पडत नाही. हेल्मेटही तेच करते. आतला फोम चेपतो, थांबण्याचा वेळ वाढतो. म्हणून हॅंडलला अडकवलेले किंवा हनुवटीचा पट्टा न लावलेले हेल्मेट फार तर पोलिसाच्या पावतीपासून वाचवते.

"हळूच चालवत होतो" याचेही उत्तर देतो. ताशी ३० किलोमीटर म्हणजे साडेतीन मीटर उंचीवरून, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, खाली पडताना जमिनीपाशी येतो तो वेग. ताशी ५० म्हणजे जवळजवळ दहा मीटर, तिसरा मजला. गॅलरीच्या कठड्यावर आपण मुलांना उभे करत नाही.

शेवटची गोष्ट आयाबायांना, आज्यांना सांगायची आहे. लग्नकार्याला निघालो की लहान मूल मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायची आपल्याकडे सर्रास रीत आहे. "मी घट्ट धरले आहे ना" असे आपण म्हणतो. दहा किलोचे मूल, ताशी ५० किलोमीटर वेग, थांबायला सेकंदाचा दहावा भाग. हातांवर येणारे बल सुमारे १४० किलोचे. सिमेंटची जवळजवळ तीन पोती, तीही कल्पना नसताना, अचानक. माया कितीही असली तरी तेवढे बळ कुठल्याच हातात नसते. आणि आजी स्वतः पट्ट्याविना असेल, तर तिचाही संवेग मुलावर येतो. मुलाला मागे, त्याच्या वयाच्या आसनात, पट्ट्याने बांधून बसवा. ते रडेल, नातेवाईक हसतील, कोणी "फारच करतात बाई" म्हणेल. म्हणू द्या.

परवा एका मुलाने मला विचारले, काका, हा नियम कधी मोडलेला नाही का? आजवरच्या एकाही प्रयोगात तो मोडलेला आढळलेला नाही, आपल्या गल्लीच्या तोंडाशीही नाही. आज घरी जाताना, गाडी जवळच न्यायची असली तरीही, आधी पट्टा लावा आणि मगच किल्ली फिरवा. मागे बसलेल्यांनाही लावायला सांगा.